बारातले सहा कप्तानाच्या मर्जीने? मग वर्षभर गुण कशाला मोजायचे?

हिशोबनीस, कोथरूड

गणपती बसले त्याच दिवशी, २७ ऑगस्ट २०२५ ला, रात्रीची आरती उरकून मोबाइल उघडला तर अमेरिकेच्या रायडर कप संघाची उरलेली सहा नावं जाहीर झाली होती. तेव्हापासून डोक्यात बसलंय ते आज लिहून टाकतो.

गोल्फ न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. रायडर कप म्हणजे दर दोन वर्षांनी अमेरिका विरुद्ध युरोप. दोन्हीकडे बारा-बारा खेळाडू, तीन दिवस, २८ सामने, प्रत्येक सामन्याला एक गुण. बारांपैकी सहा जण गुणतालिकेतून येतात आणि उरलेले सहा कप्तान स्वतः निवडतो. म्हणजे अर्धा संघ! २०१८ मध्ये अमेरिकेच्या कप्तानाकडे चारच जागा होत्या, २०२१ पासून सहा झाल्या.

२०२५ ला अमेरिकेचा कप्तान होता कीगन ब्रॅडली. तालिकेत अकरावा, जूनमध्येच ट्रॅव्हलर्स स्पर्धा जिंकलेला. स्वतःचं नाव घालायची त्याला मुभा होती. त्याने घातलं नाही. सगळे म्हणाले, काय मोठं मन! अहो, पहिले बारा घ्यायचे एवढाच नियम असता तर मोठं मन दाखवायची वेळच आली नसती. अकरावा आहेस ना, खेळ. याच ब्रॅडलीला २०२३ मध्ये कप्तान झॅक जॉन्सनने वगळलं होतं आणि जस्टिन थॉमसला घेतलं होतं, जो त्या वर्षी मोसमाच्या शेवटच्या प्लेऑफपर्यंतसुद्धा पोचला नव्हता. त्या वर्षीचा कप रोमला होता. काय झालं? युरोप साडेसोळा, अमेरिका साडेअकरा.

आता ऑलिंपिक बघा. कप्तान नाही, निवड समिती नाही. पुरुषांत साठ जण, जागतिक क्रमवारीवरून. एका देशाचे जास्तीत जास्त दोन, पहिल्या पंधरात असतील तर चारपर्यंत. टोकियोच्या आधी अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली, यादीत पुढचं नाव आपल्या पुण्याच्या उदयन मानेचं होतं, तो गेला. कोणाची ओळख लागली नाही, कोणाच्या घरी पेढे न्यावे लागले नाहीत. एखाद्या कप्तानाने मानेला घेतलं असतं का, सांगा.

बावधनचा बंकर

हिशोब चोख आहे, पण चुकीच्या गोष्टीचा मांडलाय.

अमेरिकेचे गुण कसे मिळतात? मुख्यतः बक्षिसाच्या रकमेवरून, मेजर स्पर्धांना (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या) जास्त वजन. म्हणजे चार दिवस एकट्याने ७२ होल खेळून कमावलेले गुण. रायडर कपमध्ये पहिले दोन दिवस एकटं कोणी खेळतच नाही. फोरसममध्ये दोघांत एकच चेंडू आणि आळीपाळीने फटके. फोरबॉलमध्ये ज्याचा त्याचा चेंडू, पण दोघांतला चांगला स्कोअर धरायचा. एका सत्रात आठच जण उतरतात, चौघे बाहेर बसतात. एकेरी फक्त रविवारी. ज्या परीक्षेचे मार्क तुम्ही धरताय तो पेपरच वेगळा आहे.

२०१२ च्या रायडर कपला, अमेरिकेत मेडिनाला, इयन पोल्टर कप्तानाच्या पसंतीने युरोपच्या संघात आला. चार सामने खेळला, चारही जिंकला, आणि युरोपने ६-१० वरून कप नेला. बायकांच्या सोल्हाइम कपमध्ये २०१९ ला युरोपची कप्तान कॅट्रिओना मॅथ्यूने सुझान पेटरसनला घेतलं. बाळंतपणानंतर परतलेली, दीड वर्षाहून जास्त काळ जवळपास खेळलेलीच नाही. तिच्या शेवटच्या पटवर (चेंडू भोकात ढकलायचा फटका) युरोप साडेचौदा-साडेतेरा जिंकला, आणि तिथल्या तिथे ती निवृत्त झाली. तुमच्या तालिकेत ती कुठे असती?

हिशोबनीस, कोथरूड

पोल्टर लक्षात राहतो. २०१८ चा पॅरिसचा रायडर कप मात्र कोणी काढत नाही. टायगर वूड्स, फिल मिकेल्सन, ब्रायसन डिशँबो, तिघंही कप्तानाच्या पसंतीचे. तिघांचे मिळून नऊ सामने. नऊच्या नऊ हरले. नावं केवढी मोठी आणि गुण शून्य.

बावधनचा बंकर

पसंतीचा चौथा, फिनाऊ, सोयीस्करपणे विसरलात. तो तीनपैकी दोन जिंकला. आणि त्याच पॅरिसमध्ये समोरच्या संघात सर्जिओ गार्सिया होता, तोही पसंतीचाच. त्या वर्षी चारही मेजरमध्ये कट चुकलेला, म्हणजे दोन दिवसांतच बाहेर. इथे चारपैकी तीन सामने जिंकून रायडर कपच्या इतिहासात सगळ्यात जास्त गुणांचा मानकरी झाला. टायगरला घेणं चूक ठरलं म्हणून कप्तानाने घेऊच नये, हे म्हणजे एकदा भाजी खारट झाली म्हणून घरातलं मीठ फेकून देणं.

शनिपारची मुक्ता

दोघांचंही थोडं थोडं चुकतंय.

हिशोबनीस, ऑलिंपिकची यादी तुम्हाला वाटते तेवढी सोवळी नाही. २०२४ ला यूएस ओपन जिंकला डिशँबो, आणि दोन महिन्यांच्या आत पॅरिस ऑलिंपिकला तो नव्हता. का? तो तेव्हा लिव्ह टूर या वेगळ्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत होता आणि तिथल्या स्पर्धांना जागतिक क्रमवारीचे गुण मिळत नव्हते. माणूस फॉर्मात, पण कागदावर खाली. तालिका कोणीतरी बनवलेली असते हो. कोणत्या स्पर्धेचे गुण धरायचे आणि कोणत्या नाही, हे ठरवलं तिथेच अर्धी निवड झाली. फरक एवढाच, की कप्तानाला तोंड असतं, त्याला शिव्या घालता येतात. नियमावलीला कोण घालणार?

गंमत म्हणजे २०२५ च्या रायडर कपला तोच डिशँबो पहिल्या सहात थेट आला, मेजरमधल्या गुणांच्या जोरावर.

आणि दोघांच्याही बोलण्यात न आलेली गोष्ट. अदिती अशोक टोकियोत चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तिच्यासाठी या निवडीच्या वादाला काही अर्थच नाही, कारण सोल्हाइम कप युरोप विरुद्ध अमेरिका एवढाच आहे. भारतीय मुलीला वगळायचीसुद्धा सोय नाही.

जुना कॅडी, येरवडा

मी लहानपणी इथल्या कोर्सवर बॅगा उचलल्यात. इंग्रजी आकडे मला फार कळत नाहीत, पण एकच चेंडू दोघांनी खेळायचा म्हणजे काय ते सांगतो.

प्रत्येकाचा चेंडूचा प्रकार ठरलेला असतो. एकाचा ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) पडला की जागीच थांबतो, दुसऱ्याचा दोन पावलं पुढे जातो. वर्षानुवर्षं हाताला तीच सवय. एक साहेब होते, जोडीदाराच्या चेंडूने चिप (ग्रीनजवळून मारायचा छोटा फटका) मारायची वेळ आली की आधी तो बोटात फिरवून फिरवून बघायचे, जणू बाजारात लिंबू घेतायत. आणि मग हमखास लांब मारायचे. त्यात विषम होलांवर टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीचा फटका, एक मारणार आणि सम होलांवर दुसरा, हे सुरुवातीलाच ठरतं, मध्येच बदलता येत नाही. मग कोणाच्या वाट्याला पार थ्री (तीन फटक्यांची छोटी होलं) येतात, कोण लांब मारतो म्हणून पार फाइव्हला (पाच फटक्यांच्या लांब होलांना) पुढे हवा, हे सगळं बघावं लागतं.

२०२५ चा कप न्यूयॉर्कजवळ बेथपेजला झाला. तिथे शुक्रवारी सकाळी ब्रॅडलीने इंग्लिश आणि मोरिकावाची जोडी उतरवली. मॅकिलरॉय-फ्लीटवुडने चार होल शिल्लक असतानाच पाचने उडवली. शनिवारी पुन्हा तीच जोडी, समोर तेच दोघे, पुन्हा हार. आता बघा, इंग्लिश तालिकेतून आलेला आणि मोरिकावा पसंतीचा. मग दोष कोणाचा, तालिकेचा की पसंतीचा? मी म्हणतो दोन्हींचा नाही. दोन चांगली माणसं चुकीच्या खोगिरात बसवली.

बावधनचा बंकर

कॅडीकाका, हे सोन्यासारखं बोललात. आणि उलट उदाहरणही तिथलंच. कॅमेरॉन यंग, पसंतीचा, न्यूयॉर्कचा मुलगा, हौशी असताना याच बेथपेजवर राज्याची ओपन जिंकलेला. चारपैकी तीन सामने जिंकला. आकड्यांच्या यादीत ‘हा कोर्स ह्याच्या पायाखालचा आहे’ असा रकाना नसतो.

हिशोबनीस, कोथरूड

तरी हरलेच ना! पंधरा-तेरा. पहिल्या दोन दिवसांत युरोप साडेअकरा, अमेरिका साडेचार. आणि रविवारी एकेरीत, जिथे जोड्यांची भानगड नाही, तिथे अमेरिकेने साडेआठ घेतले. म्हणजे माणसं चांगलीच होती.

बावधनचा बंकर

हा तर माझाच मुद्दा झाला. धन्यवाद.

शनिपारची मुक्ता

लाहिरीचं कोणीच कसं काढलं नाही? अनिर्बन लाहिरीचा जन्म पुण्यातला. प्रेसिडेंट्स कप (अमेरिका विरुद्ध बाकीचं जग, युरोप सोडून) खेळलेला पहिला भारतीय. २०१५ ला कोरियात तो तालिकेतून आत आला. क्रिस कर्कविरुद्ध शेवटच्या होलवर बरोबरी. कर्कने लांबचा पट घातला, लाहिरीचा त्याहून खूप जवळचा, पण काठावरून निसटला. सामना गेला. अंतिम निकाल अमेरिका साडेपंधरा, आंतरराष्ट्रीय संघ साडेचौदा. तो पट पडला असता तर पंधरा-पंधरा. मी तेव्हा शेजारच्या काकूंच्या घरी सत्यनारायणाला होते आणि प्रसादाचा द्रोण हातात धरून मोबाइलमध्ये बघत होते. शिरा तसाच राहिला.

दोन वर्षांनी तालिकेतून त्याला जागा मिळाली नाही. कप्तान निक प्राइस, तोच २०१५ चा. त्याच्याकडे दोनच जागा होत्या. त्याने एक लाहिरीला दिली आणि दुसरी ग्रिलोला. होय, तोच ग्रिलो, ज्याच्या माघारीने उदयन टोकियोला गेला. शनिवारी अमेरिका त्याच दिवशी कप खिशात घालणार असं दिसत असताना लाहिरी आणि सी वू किम या जोडीने शेवटचा सामना जिंकून ते रविवारवर ढकललं. कप गेलाच. पण प्राइसने तो चुकलेला पट स्वतः पाहिला होता आणि तरी त्याला घेतलं. तालिकेला हे करता आलं असतं?

नदीपात्र

हिशोबनीस, खरं सांगा. हा राग ब्रॅडलीचा नाही. तुमच्या ढोल पथकात यंदा काय झालं?

हिशोबनीस, कोथरूड

विचारलंच आहे तर सांगतो. सरावाचे ४३ दिवस, माझी हजेरी ४१. ते दोन दिवस आईला दवाखान्यात नेलं होतं. विसर्जनाच्या यादीत मी नाही. वीस-बावीस दिवस आलेला एक जण पहिल्या रांगेत. हजेरीवही मीच लिहितो, त्यामुळे आकडे पाठ आहेत.

नदीपात्र

दुसऱ्या पथकात प्रमुखाच्या हाताखाली काम केलंय म्हणून रागावणार नसाल तर बोलतो. लक्ष्मी रोडवर मिरवणूक दोन तास एका जागी अडते. पुढचं पथक लय वाढवतं, मागून तिसराच ताल कानावर येतो, खांद्याला ढोलाचा पट्टा काचत असतो. त्या वेळी कोण स्वतःचा ठेका सोडत नाही आणि शेजारच्यालाही सोडू देत नाही, हे हजेरीवहीत येत नाही. पण हेही मान्य, की तुम्हाला का नाही घेतलं ते प्रमुखाने समोर बसवून सांगायला हवं होतं. यादी ग्रुपवर टाकून मोकळं होणं वाईटच.

हिशोबनीस, कोथरूड

तेच तर. निदान ब्रॅडली कॅमेऱ्यासमोर बसून प्रत्येक नावाचं उत्तर देत होता.

सहाच्या जागी तीन करा, या मतावर मी अजून ठाम आहे. नऊ तालिकेचे, तीन कप्तानाचे. पण कॅडीकाका, एक विचारायचंय. सम होल कोणी मारायचे आणि विषम कोणी, हे कप्तान ठरवतो की ते दोघं आपसांत?

जुना कॅडी, येरवडा

नियमाने ते दोघं. पण आमच्या साहेबांचं सांगू का, पहिल्या टीवर पोचेपर्यंत ‘तू मार, तू मार’ चालायचं. मग मीच एकाच्या हातात ड्रायव्हर (लांब मारायची काठी) द्यायचो.