मदत हवी आहे: लाइमची (गोचिडीतून होणारा आजार) डॉक्सी, म्हणजे अँटिबायोटिक, सुरू केली आणि पहिल्याच रात्री हुडहुडी, गोळी थांबवायची का?

नाशिकची द्राक्षं:

जाणकारांनी जरा लवकर उत्तर द्यावं ही विनंती, सकाळची गोळी अजून डबीतच आहे. थोडं लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हीच दहा प्रश्न विचाराल.

साबा (सासूबाई) आणि साबु (सासरे) उन्हाळ्यात नणंदेकडे कनेक्टिकटला होते. तिच्या घरामागे दाट झाडी आहे, हरणं थेट परसात येतात. साबांना हातावर हात ठेवून बसवत नाही. त्यांनी तिथे मेथी-कोथिंबिरीचे वाफे केले आणि रोज उकिडवं बसून गवत उपटलं. जूनअखेर दोघं घरी आले. थोड्याच दिवसांत साबांच्या गुडघ्यामागे, लवणीत, लाल चट्टा दिसला. खाज नाही, दुखत नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गजकर्ण म्हणून मलम दिलं. चट्टा मलमाला दाद देईना. मी बॉलपेनने त्याच्या कडेकडेने रेघ मारून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर लाली रेघेच्या बाहेर गेलेली. व्हिडिओ कॉलवर नणंदेला पाय दाखवला तशी ती ओरडलीच, "अगं वहिनी, कसलं गजकर्ण, हे लाइम आहे!" गोचीड चावल्याचं साबांना काही म्हणजे काही आठवत नाही.

मग गंगापूर रोडला एका फिजिशियनना दाखवलं. त्यांनी प्रवासाची सगळी हकीकत ऐकून घेतली, ईसीजी काढला (नॉर्मल आहे) आणि डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस, असं लिहून दिलं. रक्ताचं विचारलं तर म्हणाले, इतक्या सुरुवातीला अँटिबॉडी बनलेल्याच नसतात, रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी मी हेच औषध देणार आहे.

काल रात्री जेवण झाल्यावर पहिली गोळी दिली. पहाटे साबांना अशी हुडहुडी भरली की दोन गोधड्या घालूनही दात वाजत होते. ताप १०१.८. डोकं ठणकतंय, अंग मोडून आल्यासारखं झालंय. आणि चट्टा, जो काल फिकट गुलाबी होता, तो आज लालभडक. ओठ-डोळे सुजलेले नाहीत, अंगावर पित्त उठलेलं नाही, श्वासाला त्रास नाही.

घरात दोन तट पडलेत. साबुंचं म्हणणं, गोळी उष्ण पडली, ताबडतोब बंद करा. नणंद तिकडून म्हणते, खबरदार बंद केलीत तर, हे "हर्क्स" आहे, औषध लागू पडतंय. डॉक्टर बाहेरगावी. दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "सोसत नसेल तर थांबवा आणि सोमवारी या." हे काय उत्तर झालं? तर ही रिअ‍ॅक्शन आहे की नणंद म्हणते ते? अर्धी गोळी देऊन बघावी का? त्यातून साबांना रोज कॅल्शियमची गोळी असते आणि परवा आषाढी आहे. उपास मोडणार नाहीत, हे लिहून घ्या.

देवगडी:

ताई, लाइमचं ठाऊक नाही, पण वडिलांना लेप्टो झाला होता तेव्हा पेनिसिलिनचं पहिलं इंजेक्शन दिल्यावर अगदी असंच झालं होतं. पलंग हलत होता इतकी थंडी. आम्ही घाबरलो, पण वॉर्डातल्या सिस्टर शांत. म्हणाल्या, होतं असं, उद्या बघा. दुसऱ्या दिवशी वडील चहा-बिस्कीट मागत होते.

आजीचा बटवा:

अँटिबायोटिक म्हणजे अंगात विस्तव. गोळ्या फेकून द्या, गुळवेलीचा काढा सुरू करा. तीन दिवसांत चट्टा जाईल.

स्टेथो:

बटवेवाले, चट्टा तर काही न करताही आठवड्यांनी जातो. आतला जंतू जात नाही, तो पुढे सांध्यांत, नसांत, क्वचित हृदयात उतरतो. कृपया हे सल्ले इथे नकोत.

द्राक्षं, मी फिजिशियन आहे, पण पेशंट माझ्यासमोर नाही हे धरून वाचा. तुम्ही जे लिहिलंय ते यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रियेच्या (नणंद म्हणते तो "हर्क्स") वर्णनात चपखल बसतं. लाइमचा जंतू, बोरेलिया, मळसूत्रासारखा पिळदार असतो. लेप्टोचा आणि सिफिलिसचाही त्याच जातकुळीतला, म्हणून वर देवगडींनी सांगितलेला अनुभव अगदी बरोबर आहे. पहिल्या डोसाने हे जंतू एकदम मोठ्या संख्येने मरतात, त्यांचे तुकडे रक्तात मिसळतात आणि आपली प्रतिकारशक्ती खवळते. थंडी, ताप, डोकेदुखी, अंगदुखी त्यातूनच. आणि चट्टा आधीपेक्षा लाल होणं ही तर याची जुनी खूण. यारिशने १८९५ मध्ये आणि हर्क्सहायमरने १९०२ मध्ये पाऱ्याचे उपचार घेणाऱ्या सिफिलिसच्या रुग्णांत नेमकं हेच टिपलं होतं. तेव्हा तर अँटिबायोटिकचा पत्ताही नव्हता.

लाइमच्या १५ टक्क्यांपर्यंत रुग्णांना हे होतं. पहिल्या २४ तासांत सुरू होतं आणि साधारण आणखी एका दिवसात ओसरतं. ही अ‍ॅलर्जी नव्हे. अ‍ॅलर्जी असती तर गांधी उठल्या असत्या, ओठ-जीभ सुजली असती, घशात आवळल्यासारखं वाटलं असतं, छातीत घरघर झाली असती. तसं काही दिसलं तर गोळी थांबवून थेट कॅज्युअल्टी गाठायची, धाग्यावर विचारत बसायचं नाही.

अर्धी गोळी नको. त्याने हर्क्स टळतोच असं नाही, औषध मात्र अपुरं पडतं. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, एवढंच लागतं. मात्र गोळी चालू ठेवायची की नाही हे आजच कुठल्यातरी डॉक्टरांशी बोलून ठरवा. तुमचे बाहेरगावी असतील तर त्यांच्या जागी कोण बघतंय ते विचारा. रिसेप्शनवर "लाइमसाठी डॉक्सी, पहिल्या डोसानंतर ताप आणि थंडी, अ‍ॅलर्जीची लक्षणं नाहीत" असं एका दमात सांगा, फोन पुढे जातो.

परसदार:

न्यू जर्सीहून. नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी झाला होता. नणंदबाईंचं बरोबर आहे, पण एक सांगते, त्या ज्या फेसबुक ग्रुपांवर असतील तिथलं सगळं खरं मानू नका. तिथे कुणी तीन महिन्यांनी गुडघा दुखला तरी "हर्क्स होतोय, म्हणजे बरा होतोय" म्हणतात. कुणी सहा-सहा महिने शिरेतून अँटिबायोटिक घेतात, कुणी शरीरातलं विष काढायच्या नावाखाली काय काय पितात. आम्हीही त्यात अडकत होतो. आमच्या डॉक्टरणीने एका वाक्यात विषय संपवला: हर्क्स पहिल्या दोन दिवसांचा पाहुणा, तिसऱ्या दिवशी ताप असेल तर दुसरं कारण शोधायचं.

स्टेथो:

+१. दीर्घ अँटिबायोटिकचा प्रयोग नीट करून पाहिलेला आहे. २००१ मध्ये अमेरिकेत, २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये. उपचार पूर्ण झाल्यावरही त्रास राहिलेल्या लोकांना महिनोन्‌महिने औषध देऊन रिकाम्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. काहींचा थकवा, अंगदुखी उपचारानंतरही रेंगाळते हे खरंच आहे, ती मनाची समजूत नव्हे. पण त्यावर आणखी अँटिबायोटिक हा उपाय नाही.

"दुसरं कारण" म्हणजे काय ते सांगतो, कारण नाशिकला आत्ता पावसाळा आहे. ताप ४८ तासांपुढे गेला तर सीबीसी, मलेरिया, डेंगी करायचं, ते कुणीही सांगेल. पण त्याच गोचिडीतून बबेसिया नावाचा आणखी एक परजीवी येऊ शकतो आणि कनेक्टिकटकडे तो असतो. तो लाल पेशींत घुसतो. काचपट्टीवर तो थेट मलेरियाच्या कड्यांसारखा दिसतो. आपल्याकडच्या लॅबने "फॅल्सिपॅरम" (मलेरियाचा एक प्रकार) असा रिपोर्ट दिला तर त्यांना दोष देता येणार नाही. डॉक्सीने बबेसिया मरत नाही, औषध वेगळं. म्हणून लॅबमध्ये रक्त देताना अमेरिकेचा प्रवास आणि गोचीड हे दोन शब्द फॉर्मवर लिहून घ्याच.

खलबत्ता:

मी फार्मासिस्ट, सिडकोत दुकान आहे. कॅल्शियमचा प्रश्न कुणी घेतलाच नाही, आणि गिऱ्हाइकांचा खरा घोळ तिथेच होतो. डॉक्सी आणि कॅल्शियम पोटात एकत्र आले की एकमेकांना धरून बसतात, औषध रक्तात कमी जातं. लोहाची गोळी, झिंक, जेल्युसिल-डायजीनसारखी अँटासिड, सगळ्यांचं तेच. साबांना कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर द्या, डॉक्सी सकाळी नाश्त्यानंतर आणि रात्री जेवणानंतर. मध्ये दोन-तीन तास मोकळे हवेतच. नाहीतर हे दोन आठवडे कॅल्शियम बंद ठेवू का म्हणून डॉक्टरांना विचारा, बहुतेक हो म्हणतील. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही त्यांच्या कानावर घाला.

आता आषाढी. रिकाम्या पोटी डॉक्सी घेतली की मळमळ ठरलेली. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ-आमटी, रताळं, काहीही खाऊन गोळी घ्यायला हरकत नाही. मात्र उपासाला आपण दूध-दह्यावर येतो. गोळीबरोबर दुधाचा पेला, ताक, दह्यातली काकडी नको. ते मधल्या वेळात.

आणि सर्वांत महत्त्वाचं: गोळी घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. ही गोळी अन्ननलिकेत चिकटली तर आतून भाजल्यासारखी जखम करते, मग थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येतं. पूर्ण पेलाभर पाणी आणि निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, ताठ बसणं. वयस्क मंडळी रात्रीची गोळी घोटभर पाण्याबरोबर टाकतात आणि पांघरूण ओढतात. रात्रीची गोळी झोपतानाची करू नका, आठच्या जेवणानंतरची करा.

नाशिकची द्राक्षं:

सगळ्यांचे खूप खूप आभार. स्टेथो, तुम्ही सांगितलं तसंच एका दमात बोलले आणि बदली डॉक्टरांनी स्वतः फोन घेतला. तेही हर्क्सच म्हणाले, गोळी चालू ठेवायला सांगितली, पॅरासिटामॉल दिलं. चक्कर, धडधड, नाडी मंद वाटणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, मान आखडणं, यातलं काहीही दिसलं तर तडक या म्हणाले.

सकाळची गोळी उशिरा दिली. दुपारी पुन्हा थोडी कसकस, संध्याकाळी घाम येऊन ताप उतरला. रात्रीच्या गोळीनंतर सगळे जागे, पण काही झालं नाही. आता ताप नाही. साबुंनी "उष्ण पडली" हा मुद्दा मागे घेतलेला नाही, फक्त धण्या-जिऱ्याच्या पाण्यावर तडजोड झाली. ते चालतं ना?

आषाढी पार पडली. सकाळी रताळ्याचा कीस खाऊन गोळी, दूध चार वाजता. साबा मात्र गोळी घेतली की आडव्या व्हायच्याच, आता समोर घड्याळ ठेवून हरिपाठ म्हणायला बसवते. तो संपेपर्यंत त्या उठत नाहीत आणि झोपतही नाहीत. पेनची रेघ अजून आहे, चट्टा रेघेच्या आत आलाय आणि मधून फिका पडलाय.

उरलेले दोन प्रश्न. त्यांना पहाटे फिरायला आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचं असतं, डॉक्सीवर ऊन नको म्हणतात ते ढगाळ हवेतही लागू आहे का? आणि कोर्स संपल्यावर "जंतू गेला का" हे बघायला लाइमची टेस्ट करायची का? साबुंनी लॅबवाल्याला घरी बोलावून ठेवलंय.

खलबत्ता:

धणे-जिऱ्याचं पाणी बिनधास्त. पहाटेचं फिरणंही चालेल, सूर्य वर यायच्या आत घरी या. ढगांतून अतिनील किरण येतातच आणि डॉक्सीवर कातडी चटकन भाजते. गच्चीवर जाताना पूर्ण बाह्या, डोक्यावर पदर किंवा छत्री. दुपारी अकरा ते चार कपडे तुम्हीच घाला.

स्टेथो:

टेस्ट नको. लाइमची चाचणी जंतू मोजत नाही, अँटिबॉडी मोजते. त्या पूर्ण बरं झाल्यावरही महिने, काहींत वर्षानुवर्षं राहतात. पॉझिटिव्ह आली की घरात पुन्हा घबराट आणि पुन्हा गोळ्या. चट्टा गेला, ताप नाही, सांधे ठीक, एवढं पुरे. पुढच्या काही महिन्यांत गुडघा सुजला तर मात्र हा सगळा इतिहास घेऊन दाखवा. आणि नणंदेला सांगा, परसातून आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत बघायचं. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-रॉकेल-काडी काही लावायचं नाही. पहिल्या २४ तासांत निघाली तर लाइम होण्याची शक्यता फारच कमी.

नाशिकची द्राक्षं:

लॅबवाल्याला आत्ताच नको म्हणून कळवते, पैसे परत देतो का बघू. चिमट्याचं नणंदेला पाठवलं. तिचं उत्तर: "आईला आधी सांगा, पुढच्या वर्षी वाफे कुंडीत."