सुराबायात पडलेल्या मराठा जवानांची आठवण काढायची की नाही?

माणगावचा

‘शिवडी नाका’ यांच्या गेल्या आठवड्यातल्या लिखाणाला दोन ओळींत उत्तर देणे शक्य नसल्यामुळे हा स्वतंत्र धागा काढत आहे. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांच्यासाठी सारांश असा. १० नोव्हेंबरला लालबागमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेली काही मंडळी जमली, १९४५ साली जावा बेटावरील सुराबायात पडलेल्या आपल्या रेजिमेंटच्या जवानांना त्यांनी फुले वाहिली, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले आणि चहा घेऊन आपापल्या घरी गेले. त्यावर ‘शिवडी नाका’ यांचे म्हणणे असे की, डचांना त्यांची वसाहत परत मिळवून देताना जे मेले त्यांना फुले वाहणे हा इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याचा अपमान आहे, आणि त्यासाठी त्या देशाचा वीरदिनच निवडणे हा शुद्ध निर्लज्जपणा आहे.

माझे चुलत आजोबा त्या पडलेल्यांपैकी एक. जपानने १५ ऑगस्टला शरणागती जाहीर केली तेव्हा लढाई संपली, आता मुलगा परत येणार, म्हणून घरात गूळ वाटला गेला होता. पण इंफाळच्या लढाईतून जिवंत सुटलेली त्यांची ४९ वी ब्रिगेड, म्हणजे ब्रिटिशांच्या हिंदी फौजेचीच एक तुकडी, २५ ऑक्टोबरला सुराबायात उतरली. काम असे सांगितले होते की जपान्यांची हत्यारे गोळा करायची आणि छावण्यांत अडकलेल्या डच बायकामुलांना बाहेर काढायचे. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी यांनी स्थानिक इंडोनेशियन नेत्यांशी बोलणी करून समझोता केला, तेवढ्यात २७ तारखेला जकार्ताच्या मुख्यालयाने विमानातून पत्रके टाकली की ४८ तासांत शस्त्रे खाली ठेवा, नाहीतर गोळी घालू. मॅलबींनाही याची पूर्वकल्पना नव्हती. शब्द फिरवला गेला असे समजून दुसऱ्या दिवशी अख्खे शहर उठले. गावभर लहान लहान तुकड्यांत विखुरलेले सुमारे ४,००० जवान जिथल्या तिथे वेढले गेले. बायकामुलांना घेऊन निघालेल्या लॉऱ्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला, त्या ताफ्याचे रक्षण मराठा जवानच करत होते. तीन दिवसांत ब्रिगेडची सुमारे २०० माणसे गेली.

इटलीत पडलेल्या यशवंत घाडग्यांचा पुतळा आमच्या माणगावात आहे, आणि तो असायलाच हवा. परंतु त्याच तालुक्यातून त्याच रेजिमेंटमध्ये गेलेला दुसरा पोरगा कुठे आणि कशासाठी मेला, हे त्याच्या आईला शेवटपर्यंत कोणी समजावून सांगितले नाही. तिच्या लेखी तो ‘जपानच्या लढाईत’ गेला. अशा माणसांसाठी वर्षातून एकदा चार म्हातारे उभे राहिले, तर नेमके कोणाचे काय बिघडते?

शिवडी नाका

आपल्या घरच्या दुःखाबद्दल मला आदर आहे, पण आपली हकीकत ३० ऑक्टोबरला थांबते हे मी लक्षात आणून देऊ इच्छितो. त्या दिवशी मॅलबी मारले गेले. त्यानंतर जनरल मॅन्सर्घ यांची ५ वी हिंदी डिव्हिजन रणगाड्यांसह उतरली, ९ नोव्हेंबरला निर्वाणीचा इशारा दिला गेला, आणि १० तारखेला सकाळी समुद्रातून आरमाराने व आकाशातून विमानांनी त्या शहरावर मारा सुरू केला. पुढचे तीन आठवडे गल्लोगल्ली लढाई झाली. मेलेल्या इंडोनेशियन माणसांचा आकडा कमीत कमी धरणारेही ६,००० च्या खाली येत नाहीत. त्यातली पुष्कळशी बांबूचे भाले घेतलेली पोरे होती. जावातल्याच सेमारांग शहरात तर शरण आलेल्या जपानी तुकडीलाच हाताशी धरून लढाई केली गेली. ही बायकामुलांची सुटका म्हणायची काय?

लालबागच्या त्या सभेत २८ ऑक्टोबरला ताफा वाचवताना मेलेला आणि नोव्हेंबरात घरे रिकामी करताना मेलेला, दोघांना एकच फूल वाहिले गेले. समोर कोण मेले याचा उल्लेखसुद्धा झाला नाही. मी तिथे शेवटच्या रांगेत बसलो होतो, म्हणून खात्रीने सांगतो. हिंदी फौजा तिथून काढा, असे नेहरू आणि काँग्रेस तेव्हाच ओरडून सांगत होते. नेहरूंनी स्वतः जावाला जायची परवानगी मागितली होती आणि ती नाकारली गेली. म्हणजे हे चूक आहे हे आज ऐंशी वर्षांनी सुचलेले शहाणपण नाही, तेव्हाच्या मुंबईत ते चहाच्या दुकानातही ठाऊक होते.

खलाशाचा नातू

चहाच्या दुकानात नव्हे, जहाजांवर ठाऊक होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ तळावर नौसैनिकांनी संप पुकारला, त्यांच्या मागण्यांत चांगले जेवण आणि आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका यांच्या जोडीने इंडोनेशियातून हिंदी फौजा मागे घ्या ही मागणी स्पष्ट शब्दांत होती. दोन-तीन दिवसांत ७८ जहाजे आणि सुमारे २०,००० माणसे संपात उतरली. म्हणजे माणगावच्या त्या जवानाचे राहिलेले भाऊबंद जिवंत परत यावेत म्हणून या शहरात पोरांनी आपल्या नोकऱ्या आणि प्राण पणाला लावले. त्यांच्यासाठी लालबागमध्ये कधी चहा ठेवला गेला आहे का?

माझे आजोबा त्या संपात होते. त्यांना सरकारी तिकीट काढून देऊन मुंबईबाहेर काढले, कोठडीत ठेवले आणि मग बडतर्फ केले. १९४७ नंतर आपलेच सरकार आले, तरी बडतर्फ झालेल्यांना नौदलात परत घेतले नाही. पुढचे आयुष्य त्यांनी एका खासगी गोदीत हिशेब लिहीत काढले. डचांसाठी लढलेल्याच्या विधवेला निवृत्तिवेतन चालू राहिले आणि ती लढाई थांबवा म्हणणाऱ्याला काही मिळाले नाही, हा हिशेब मला अजून कोणी समजावून दिलेला नाही.

निवृत्त हवालदार

त्या सभेची खुर्च्या-सतरंज्यांची व्यवस्था मी केली होती, त्यामुळे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. तारखेबद्दल आधी सांगतो. खरी तारीख २८ ऑक्टोबर, पण त्या सुमारास दिवाळी असते आणि आमची निम्मी मंडळी साताऱ्याला, कोल्हापूरला, चिपळूणला जातात. सभागृह १० तारखेला मोकळे मिळाले. इंडोनेशियाचा वीरदिन त्या दिवशी असतो हे आमच्यातल्या कोणाला माहीत नव्हते. याला निर्लज्जपणा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

दुसरे असे की, मी स्वतः १९८७ नंतर भारतीय शांतिसेनेत श्रीलंकेत होतो. तिथे आपले सुमारे १,२०० जवान गेले. माझ्या शेजारच्या बिछान्यावरचा माणूस जाफन्यात सुरुंगावर गेला, त्याचे सामान मी बांधले. १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रास बंदरात उतरली तेव्हा त्या राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. आम्हाला कोणी पाठवले, का पाठवले, ते बरोबर होते की चूक, यावर तुम्ही विद्वान लोक आजही भांडता. त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत मी माझ्या माणसाचे नाव घ्यायचे नाही काय? सुराबायाच्या जवानांशी माझी ओळख नाही, परंतु त्यांचे काय झाले असेल ते मला घरबसल्या कळते, आणि ते तुम्हाला शेवटच्या रांगेत बसून कळणार नाही.

शिवडी नाका

हवालदारसाहेब, सभागृह ज्या दिवशी मोकळे त्या दिवशी इतिहास साजरा करण्याची पद्धत या शहरात जुनीच आहे, तेव्हा तारखेचा आरोप मी मागे घेतो. बाकीचा मुद्दा जागेवर आहे. श्रीलंकेने तुमच्या साथीदारांचे स्मारक कोलंबोजवळ स्वतः उभारले. सुराबायाच्या लोकांनी मराठा जवानांचे असे स्मारक उभारल्याचे आपण दाखवू शकता काय?

खलाशाचा नातू

पलटणीचा एवढा अभिमान असेल तर २१ फेब्रुवारीचेही बोलू. कॅसल बॅरॅक्स, म्हणजे आजचे आयएनएस आंग्रे, तिथल्या नौसैनिकांना कोणी वेढा घातला होता? मराठा जवानांनी. घरच्याच पोरांवर बंदुका रोखल्या होत्या. आजोबा ते शेवटपर्यंत विसरले नाहीत.

निवृत्त हवालदार

विषय सुराबायाचा आहे. आपण जाणूनबुजून चिखल उडवत आहात. मराठा जवानांनी तिथे आपल्या माणसांवर नेम धरून गोळी घातली याचा पुरावा आपल्याजवळ असेल तर द्यावा, नसेल तर गप्प बसावे.

कागदपत्री

दोघांनीही आवाज खाली आणावा ही विनंती. सुरुवातीच्या पहाऱ्यावर मराठा जवान होते आणि नंतर त्यांच्या जागी ब्रिटिश सैनिक आणले गेले, एवढे बहुतेक वर्णनांत सापडते. गोऱ्या अधिकाऱ्यांना आपल्याच हिंदी शिपायांचा भरवसा वाटला असता तर ही बदली करण्याचे कारण पडले नसते. हा तपशील खरे तर हवालदारसाहेबांच्या बाजूचा आहे, पण ते रागावले असल्यामुळे त्यांच्या तो ध्यानात आलेला नसावा.

खलाशाचा नातू

बहुतेक वर्णने कोणी लिहिली? माझे आजोबा भिंतीच्या आत होते, वर्णने लिहिणारे भिंतीच्या बाहेर.

माणगावचा

आणि माझे आजोबा त्याच सुमारास त्याच रेजिमेंटमध्ये मुंबईत होते. ते सांगत की हुकूम आला तेव्हा बार हवेत काढले गेले. आता दोन आजोबांची साक्ष समोरासमोर उभी आहे, न्याय कोणी करायचा?

शिवडी नाका

प्रत्येक मराठी घरात एक हवेत गोळी झाडणारा आजोबा असतोच. माझ्या आजोबांनी तशी गोळी कधी पाहिली नाही. ते परळला गिरणीत होते. २२ तारखेला नौसैनिकांच्या पाठिंब्यासाठी गिरणगाव बंद पडले आणि लष्कराच्या गाड्या वस्त्यांतून गोळीबार करीत फिरल्या, त्यात कार्यकर्त्या कमल दोंदे परळला मारल्या गेल्या. त्या काही दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर २०० हून अधिक माणसे मेली, म्हणजे सुराबायातल्या पहिल्या तीन दिवसांत ब्रिगेडची जेवढी गेली जवळपास तेवढीच. त्यांची नावे घेताना ती कोणाच्या गोळीने मेली हे सांगायला आपण कचरत नाही. मग जावातच आपला आवाज का बसतो?

आजोळ चिपळूण

इतक्या आजोबांत माझ्याही आजोबांना जागा द्यावी. ते बोटीवर आगवाले होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांचे जहाज सिडनीला लागले असताना ऑस्ट्रेलियन गोदी कामगारांनी डचांच्या जहाजांवर बहिष्कार टाकलेला होता, कारण त्या जहाजांतून जावाकडे शस्त्रे जाणार होती. हिंदी खलाशीही त्यात सामील झाले आणि डच जहाजांवरून उतरले. आजोबा त्यांच्यात होते. पुढे मुंबईत त्यांना कित्येक महिने बोट मिळाली नाही, आणि आजीने बांगड्या विकल्या हे आमच्या घरी अजून सांगितले जाते.

त्यांचा सख्खा मामेभाऊ त्याच वेळी मराठा पलटणीतून जावात होता. एकाच आजोळचे दोघे, एक डचांच्या बोटीवरून उतरला आणि दुसरा डचांच्या वाटेवर पहारा देत होता. आजोबा मामेभावाला कधी वाईट बोलले नाहीत. ते म्हणत, मी उतरलो तेव्हा माझी बोट गेली, तो उतरला असता तर त्याला भिंतीशी उभे केले असते. काही शे हिंदी शिपाई तरीही पलटण सोडून इंडोनेशियन बाजूला गेले, हेही खरे आहे, आणि ते धैर्य प्रत्येकाला जमत नाही, हेही. ‘शिवडी नाका’ यांना भिंतीसमोर उभे राहणे जमले असते असे त्यांच्या लिहिण्यावरून वाटते, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन.

शिवडी नाका

अभिनंदन स्वीकारतो. मात्र ताई, आपल्या आजोबांसाठीही लालबागमध्ये कोणी सतरंजी टाकलेली नाही, एवढे ध्यानात असू द्या.

कागदपत्री

या सगळ्यात एका माणसाचा उल्लेख राहून गेला. पी. आर. एस. मणी हे हिंदी फौजेच्या प्रसिद्धी विभागात कॅप्टन होते आणि सुराबायात जे चालले होते ते त्यांनी जवळून पाहिले. पुढे फौज सोडून ते मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’चे वार्ताहर म्हणून पुन्हा जावात गेले आणि इंडोनेशियाच्या बाजूने लिहीत राहिले. जवानांविषयी माया आणि त्या मोहिमेविषयी घृणा ही दोन्ही एकाच माणसाच्या ठायी राहू शकतात, याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. शिवाय जिथे आपल्या फौजा वर्षभर लढत होत्या त्याच देशाच्या पंतप्रधान शहरीरांनी १९४६ मध्ये, आपल्याकडे धान्याची टंचाई असताना, ५ लाख टन तांदूळ देऊ केला होता. त्यांना जवान आणि जवानाला पाठवणारा यांतला फरक कळत होता. १९५० च्या आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो पाहुणे म्हणून आले, तेही काही विसरभोळेपणामुळे नव्हे.

माणगावचा

मग माझे म्हणणे एवढेच उरते की नावे वाचावीत, प्रत्येकाच्या नावापुढे तारीख आणि ठिकाण वाचावे, २८ ऑक्टोबरचा कोण आणि नोव्हेंबरातला कोण हे स्पष्ट सांगावे, आणि समोरचे लोक स्वतःच्या देशासाठी लढत होते हेही त्याच सभेत मोठ्याने म्हणावे. माझ्या चुलत आजोबांचा त्यात काही अपमान होत नाही. त्यांना खोटे सांगून तिथे नेले होते, निदान आता तरी त्यांच्याविषयी खरे बोलले जावे.

निवृत्त हवालदार

तारीख आणि ठिकाण वाचायला माझी हरकत नाही. नावांची पूर्ण यादी आमच्याजवळ नाही, ती मिळवण्याचा खटाटोप ‘कागदपत्री’ यांनी करावा, नुसते बोलू नये. समोरच्यांविषयी काय बोलायचे ते मी मंडळींना विचारीन. आमच्यातल्या दोघांना ते पटणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो, आणि त्यांना पटवायला मी ‘शिवडी नाका’ यांना पाठवणार नाही.

शिवडी नाका

मी येईन. समोरच्यांविषयी एक शब्दही निघाला नाही, तर तो मी शेवटच्या रांगेतून उठून म्हणेन, तेव्हा माईक चालू असेल एवढे पाहावे.

खलाशाचा नातू

फेब्रुवारीत आम्ही काही जण कुलाब्याच्या नौसैनिकांच्या स्मारकापाशी जमतो. हवालदारसाहेबांना आमंत्रण आहे. कॅसल बॅरॅक्सचा विषय मात्र निघणारच.

निवृत्त हवालदार

येतो. निघाला तर मीही बोलणार.