पाळकांच्या प्रशिक्षणासाठी बाहेरचा पैसा घ्यावा का?

शेवगावकर (धागाकर्ता):

आमच्या भागातील सहा लहान ख्रिस्ती मंडळ्यांपुढे (चर्चपुढे) सध्या एक प्रस्ताव आहे. मंडळ्यांना साहाय्य करणाऱ्या आणि त्यांचे पुढारी घडवणाऱ्या एका परदेशी ख्रिस्ती न्यासाने, पुण्यातील एका नोंदणीकृत सेमिनरीमार्फत (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयामार्फत), दोन तरुणांच्या पदवीशिक्षणाचा खर्च उचलण्याची आणि गावोगावी उपासना चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी दरमहा दोन दिवसांचे वर्ग घेण्याची तयारी दर्शवली आहे. आमच्यापैकी काहींनी तेवढ्यावर न थांबता पाळकांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) पगाराचीही मागणी केली आहे. माझ्या मते शिक्षण आणि पुस्तके घ्यावीत, पगार घेऊ नये.

हे मत कशामुळे झाले तेही सांगतो. आमच्या पाळकसाहेबांकडे पाच गावे असल्यामुळे ते महिन्यातून एकदाच येऊ शकतात. बाकीच्या रविवारी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक मामा उपदेश करतात. त्यांच्याजवळ शिवण उसवलेले पवित्र शास्त्र आहे आणि रोमकरांस पत्रापुढची पाने गळालेला त्यावरचा एक जुना भाष्यग्रंथ आहे. गेल्या महिन्यात त्यांनी निर्दोष असूनही दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या पुस्तकातून त्याचा मित्र अलीफज तेमानी याचे बोलणे वाचले आणि निर्दोष माणसाचा नाश होत नाही, असे ठामपणे सांगितले. पुढच्या सतरंजीवर बसलेल्या एका बाईंचा मुलगा दोन महिन्यांपूर्वी अपघातात गेला होता. त्या उपासना संपण्याआधीच उठून गेल्या. ईयोबाचे मित्र चुकीचे बोलले, असे देवानेच बेचाळिसाव्या अध्यायात म्हटले आहे, हे मामांना कोणी कधी शिकवलेच नव्हते. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना एकटे सोडणाऱ्या आपणा सर्वांचा आहे.

इंग्लंडमधील पाळक व लेखक जॉन स्टॉट यांनी 1969 साली लंडनमध्ये सुरू केलेल्या लँगहॅम न्यासाच्या कामाकडे मी म्हणूनच आदराने पाहतो. सेमिनरीत शिकवणाऱ्यांना पुढील अभ्यासासाठी मदत करणे, पाळकांच्या हाती पुस्तके देणे आणि उपदेश कसा तयार करावा हे शिकवणे, असा तो व्याप आहे. स्टॉट यांनी आपल्या ग्रंथांचे मानधनही पुस्तकवाटपाकडे वळवले होते. माणूस शिकवावा, त्याला आपल्या पदरी बांधू नये, ही त्यामागची दृष्टी मला पटते.

स्वावलंबन:

शेवगावकर, त्या माउलीचे दुःख वाचून मीही थांबलो. तरीही आपला निष्कर्ष मला मान्य नाही. शिक्षणाचा पैसा निरुपद्रवी आणि पगाराचा तेवढा घातक, हा भेद कागदावर टिकतो, व्यवहारात नाही. जो शिकवण्याचा खर्च देतो तो काय शिकवायचे हे ठरवतो, आणि पदवी घेऊन आलेल्या मुलाचा पगार गावाला झेपत नाही म्हणून पुन्हा त्याच दारात जावे लागते.

हा प्रश्न नगर जिल्ह्याला नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1854 साली हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा दिली. मंडळ्यांनी स्वतःचा खर्च आणि कारभार स्वतः पाहावा व प्रसारही स्वतःच करावा, हे तत्त्व मांडणारे, त्या मिशनच्या अमेरिकेतील मूळ संस्थेचे (अमेरिकन बोर्डाचे) सचिव रूफस अँडरसन त्याच सुमारास हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. तत्त्व उत्तम होते. पण मिशनच्या पगाराची सवय पिढ्यान्‌पिढ्या सुटली नाही. नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला, तो अशा परक्या आधाराबाहेर ख्रिस्तभक्ती इथल्या मातीत उभी राहावी याच ध्यासाने. दोनच वर्षांनी ते गेले आणि काम अर्धवट राहिले. त्यांचा प्रश्न मात्र आपल्यापुढे तसाच आहे.

मंडळ्या गरीब आहेत, हे कारण मला पुरेसे वाटत नाही. मिझोराममधील ख्रिस्ती घरांत 1910 च्या सुमारास सुरू झालेली प्रथा पाहा. स्वयंपाकाला तांदूळ काढताना बाई त्यातला मूठभर बाजूला ठेवते, साठलेला तांदूळ मंडळीत जमा होतो आणि त्याच्या विक्रीतून सेवाकार्य चालते. हा तांदूळ श्रीमंतांच्या घरांत साठला नव्हता. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची मूठ का निघू नये?

आणखी एक गोष्ट. विदेशी योगदान नियमन कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीने अशी रक्कम एका संस्थेने दुसरीला देण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. ज्या झऱ्याचे पाणी उद्या बंद होऊ शकते, त्याच्यावर मळा लावू नये.

जुना विद्यार्थी:

मी स्वतः अशाच शिष्यवृत्तीवर शिकलो आणि गावी परतलो नाही. पत्नीची नोकरी आणि मुलांची शाळा शहरात होती. त्यामुळे स्वावलंबन यांनी व्यक्त केलेली भीती खोटी आहे, असे मी म्हणू शकत नाही. मात्र त्यावरचा उपाय पैसा नाकारणे हा नसून शाळा हलवणे हा आहे. ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीपुढे हीच अडचण होती: राजधानीत शिकलेले तरुण खेड्यात टिकत नव्हते आणि मंडळ्या प्रत्यक्ष सांभाळणारे प्रौढ शेतकरी घरदार सोडून शिकायला येऊ शकत नव्हते. त्यांनी 1963 साली अभ्यास घरी आणि शिक्षक ठरावीक दिवशी जवळच्या केंद्रावर, अशी पद्धत सुरू केली. आपल्याकडे बंगळुरूच्या टॅफ्टी या ख्रिस्ती दूरशिक्षण संस्थेने 1971 पासून तीच वाट धरली.

कोरियाचे उदाहरण तर आपण दोघांनीही विचारात घ्यावे. चीनमध्ये काम करणारे अमेरिकन मिशनरी जॉन नेव्हिअस यांनी 1890 साली सोलमध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार तेथील मंडळ्यांनी आपले उपदेशक स्वतः पोसले, पण मिशनऱ्यांनी शेतीची कामे नसलेल्या हिवाळ्यात सामान्य विश्वासणाऱ्यांसाठी शास्त्राभ्यासाचे वर्ग चालवले. पगार घरचा आणि शिक्षक बाहेरचा, असे तिथे घडले. पगार आणि शिक्षण यांतला भेद व्यवहारात टिकत नाही, हे विधान म्हणूनच मला घाईचे वाटते.

नेवाशाची ताई:

तिन्ही भावांचे लिहिणे वाचले. दोन तरुण, वडीलधारे, मामा, उपदेशक. यात एकही स्त्री नाही. आमच्या वस्तीवर बुधवारची घरगुती प्रार्थनासभा एक अंगणवाडी मदतनीस चालवते, आजाऱ्याच्या उशाशी तीच बसते आणि बाळंतिणीच्या घरी प्रार्थनेलाही तीच जाते. उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये) स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, तरी गावातून नावे पाठवायची वेळ आली की मुलांचीच यादी निघते. स्वावलंबनदादा, ती मूठभर बाजरी बाजूला काढायची कोणी? आमच्याच हातांनी ना? मग त्या बाजरीतून कोणाला शिकवायचे हे ठरवतानाही आम्हाला विचारा. आणि वर्ग ऊसतोडीच्या हंगामात ठेवू नका. दसऱ्यानंतर अर्धी वस्ती गावात नसते.

शेवगावकर (धागाकर्ता):

ताई, आपला आक्षेप मी निमूटपणे स्वीकारतो. सहा मंडळ्यांच्या बैठकीत मी आता प्रस्ताव बदलून मांडणार आहे: पदवीसाठी तूर्त कोणाचेही नाव द्यायचे नाही; गावातील वर्ग उन्हाळ्यात, तोडीवरची माणसे परतल्यावर घ्यायचे; प्रत्येक मंडळीने किमान एका स्त्रीचे नाव द्यायचे; एसटीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण मंडळ्यांनी स्वतः करायचे, आणि न्यासाकडून फक्त शिक्षक व मराठी पुस्तके घ्यायची. स्वावलंबन यांना हेही मान्य होणार नाही याची मला कल्पना आहे. अभ्यासक्रम कोण ठरवणार, या त्यांच्या प्रश्नाचे पक्के उत्तर माझ्याजवळ अजून नाही, आणि ते सेमिनरीकडून लेखी मिळाल्याशिवाय मी सही करणार नाही.

काल मामांच्या घरी जाऊन आलो. आम्ही दोघांनी ईयोबाचे शेवटचे अध्याय मोठ्याने वाचले. वाचून झाल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग चष्मा पुसत त्यांनी त्या बाई हल्ली कोणत्या वेळी घरी असतात, असे मला विचारले.