८ इंची स्कोपमधून (दुर्बिणीतून) एम१०१ दीर्घिका दिसतच नाही, काय चुकतंय?

नवखातारा:
तीन रात्री झाल्या एम१०१ शोधतोय, सप्तर्षीच्या शेपटीपाशी स्कोप नकाशाप्रमाणे बरोबर लागतो, आजूबाजूचे तारेही जुळतात पण दीर्घिका काही दिसत नाही. तिचं मॅग्निट्यूड (तेजाचा आकडा, जितका कमी तितकी वस्तू उजळ) ७.९ ना, मग ८.४ वाली एम५१ दीर्घिका दिसते आणि हीच का नाही?

निशाचर:
तो आकडा फसवा असतो रे. ७.९ म्हणजे सगळा प्रकाश एका ठिपक्यात गोळा केला तर. एम१०१ चा पसारा जवळपास चंद्राएवढा, त्यात तो प्रकाश पार विरळ होतो, एम५१ त्यामानाने आटोपशीर आहे. मॅग्निफिकेशन वाढवून ती उजळ होणार नाही, सगळ्यात कमी पॉवरचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) लाव आणि चंद्र नसलेली, खरंच काळीकुट्ट रात्र निवड. हे सगळ्यात महत्त्वाचं.

तिरकीनजर:
आणि थेट तिच्याकडे बघू नकोस, किंचित बाजूला बघ, अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या अगदी मध्यावर नसतातच. त्याआधी अर्धा तास अंधारात थांब, मोबाइल अजिबात नको. नळीला हलकीशी टिचकी मार, हलणारा धूसर डाग चटकन जाणवतो.

जुनाणा:
खगोलशास्त्रज्ञ पियेर मेशँने १७८१ मध्ये ती शोधली तेव्हा त्यालाही अस्पष्ट डागच दिसला होता. एम५१ चा सर्पिल आकार कळायला १८४५ मध्ये लॉर्ड रॉसचा ७२ इंची आरसा लागला, तेव्हा पहिल्यांदा भुजा शोधू नकोस, डाग शोध.

नवखातारा:
दिसली!! तिरकं बघितल्यावर अगदी फुंकर मारल्यासारखी धूसर, सरळ बघितलं की गायब. खूप आभार सगळ्यांचे, आता एम३३ दीर्घिकेच्या मागे लागतो.