कॅलिफोर्नियाचा ओव्हरटाइम पेरोलमध्ये कसा बसवता? (अनुभव धागा)

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात आठवड्याचे ४० तास एवढीच मर्यादा आहे. कॅलिफोर्नियात दिवसाचीही आहे: ८ तासांपुढे दीडपट, १२ पुढे दुप्पट. आठवड्यात सलग सातव्या दिवशी काम असेल तर पहिले ८ तास दीडपट, पुढचे दुप्पट. पुण्यात बसून तिकडचे पगार करणारे इथे बरेच आहेत. सेटिंग काय ठेवता आणि कुठे चुकतं, ते नेमकं लिहा.

पगारपत्रक
सगळ्यात जास्त चूक होते ती एकच तास दोनदा मोजण्याची. सोमवार ते शनिवार १०, ९, ८, ८, ८, ६ असे ४९ तास घ्या. रोजचा ओव्हरटाइम ३ तास. आठवड्याचा नियम वेगळा चालवला की ४९ वजा ४० म्हणजे आणखी ९, एकूण १२ दिसतात. बरोबर उत्तर ९. आधी दिवसाचा नियम चालवा, त्यातले ३ तास बाजूला काढा, उरलेल्या ४६ वर ४० ची मर्यादा लावा. नियमांचा क्रम हाच ठेवा.

झटपट ताळा: दोन्ही आकड्यांतला मोठा तोच एकूण ओव्हरटाइम. मात्र दीडपट-दुप्पट फोड यातून कळत नाही.

रातपाळी
हजेरी 'पाळी सुरू झाली त्या तारखेला' टाकू नका. कामाचा दिवस म्हणजे ठरलेल्या वेळी सुरू होणारे २४ तास. दिवस मध्यरात्री सुरू होत असेल, सोमवारी संध्याकाळी ६ ते पहाटे ४ काम झालं आणि मंगळवारी दुपारी २ ते १० पुन्हा, तर मंगळवारचे ४ + ८ = १२ तास होतात, ओव्हरटाइम ४. पाळीच्या तारखेने मोजलं तर २ च निघतो, कामगाराचे दोन तास बुडतात. पंच (हजेरीच्या नोंदलेल्या वेळा) यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत साठवा, पण दिवसाची फोड तिथल्या स्थानिक वेळेने करा. हिवाळ्यात तिकडचे संध्याकाळचे ६ म्हणजे यूटीसीत दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे २.

पंधरवडा
१ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर असा पगार असेल तर आठवडा मध्येच तुटतो. १५ तारीख बुधवारी आली की काही सिस्टिम गुरुवारपासून ४० चा मीटर (आठवड्याच्या तासांची मोजणी) शून्यावर आणतात. आधीच्या हिशेबातले तास पुढे ओढणारं सेटिंग चालू करा, आणि तुटलेला आठवडा घेऊनच चाचणी करा. पूर्ण आठवड्यांवरची चाचणी ही चूक कधीच दाखवत नाही.

सातव्या दिवसाच्या मोजणीकाट्याचं उलट: तो नव्या आठवड्याला शून्य व्हायलाच हवा. बुधवार ते मंगळवार सलग सात दिवस झाले म्हणून सातवा दिवस लागत नाही, दोन आठवड्यांत विभागले ना ते.

बोनसचं काय?
ओव्हरटाइमचा दर फक्त मूळ ताशी पगारावर काढला तर कमी पैसे जातात, आणि ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते. हजेरीचा १०० डॉलर बोनस, ४० साधे तास, १० ओव्हरटाइमचे. केंद्रीय पद्धत: १०० भागिले ५०, त्याच्या निम्मा १ डॉलर, गुणिले १०, म्हणजे १० डॉलर. कॅलिफोर्नियात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या अल्वाराडो निकालानंतर ठोक (ठरावीक रकमेच्या) बोनसला ४० नेच भागायचं: २.५०, त्याच्या दीडपट ३.७५, म्हणजे ३७.५० डॉलर. उत्पादनावरच्या बोनसला हे सूत्र नाही, तिथे एकूण तासांनी भागून निम्मा दर लावतात. म्हणून दोन्हींना वेगळे पे-कोड (पगारातल्या बाबींचे सिस्टिममधले कोड) द्या.

पगारपत्रक
@बोनसचं काय, पे-कोडवरूनच आठवलं: सुट्टी आणि आजारपणाच्या भरपगारी तासांवरची 'ओव्हरटाइमसाठी मोजा' ही खूण काढा, ते काम केलेले तास नव्हेत. जेवणाची सुट्टी न दिल्याबद्दलचा एक तासाचा पगारही तसाच. त्याला तासांचा कोड दिलात तर ४० चा मीटर उगाच पुढे सरकतो, म्हणून रकमेचा कोड द्या. त्याचा दर मात्र बोनस धरूनच काढायचा.