बेळगावातून मिस इंडिया, पुढे मिस वर्ल्ड: राज्य कुठलं, भाषा कुठली, गाऊनवर खर्च किती?

निपाणीकर:
भाची 19 वर्षांची, बेळगावात बी.कॉम.ला आहे. चप्पल न घालता उंची 5 फूट 5. दहावीपर्यंत मराठी माध्यम. घरात मराठी, बाजारात कन्नड. इंग्रजी कळतं, पण बोलताना अडखळते. मिस इंडियाच्या पुढच्या ऑडिशनला बसायचं म्हणते. घरच्यांची ना नाही, पैसा मात्र मोजका आहे. जाणकारांनी सांगावं:
राज्य कुठलं लिहायचं, कर्नाटक की महाराष्ट्र?
मराठी माध्यमामुळे पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अडतं का?
गाऊनवर किती घालावेत? स्पर्धेची तयारी करून घेणाऱ्या क्लासवाल्यांच्या अंदाजपत्रकात सगळ्यात मोठा आकडा गाऊनचाच आहे.

खानापूरकर:
कागद कर्नाटकचे असतील तर कर्नाटक लिहा आणि मोकळे व्हा. सीमावाद इथे आणायचं काम नाही, पुढे गेली तर सॅशवर, म्हणजे अंगावरच्या तिरक्या पट्ट्यावर, ‘इंडिया’च येणार की. राज्य म्हणजे जन्मगावच असंही नाही. सिनी शेट्टीचा जन्म मुंबईचा, मूळ कर्नाटकातलं, आणि 2022 चा मिस इंडिया किताब तिने कर्नाटकाच्या नावावर घेतला.

खरी अडचण नावाची. एसएसएलसीच्या (कर्नाटकातली दहावी) मार्कशीटवर बऱ्याचदा नावापुढे नुसती आद्याक्षरं असतात, आधारवर वडिलांचं पूर्ण नाव असतं आणि जन्मदाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. पासपोर्टला आद्याक्षरं चालत नाहीत, ती फोडून लिहावी लागतात. म्हणून आधी आधार दुरुस्त करा, मग पासपोर्टचा अर्ज. जुन्या दाखल्यावर ‘बेलगाम’ आणि नव्यावर ‘बेळगावी’ असलं तर घाबरू नका. नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललंय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. माणसाच्या नावातला फरक मात्र कुणी सोडत नाही.

उंचीची अट अलीकडे 5 फूट 3 आहे, तेव्हा ती काळजी नाही. अविवाहित असणं मिस इंडियाला लागतं. मिस युनिव्हर्सने 2023 पासून लग्न झालेल्यांना आणि आई झालेल्यांना दार उघडलं, 2024 पासून वयाची वरची मर्यादाही काढली. या दोन स्पर्धांचे नियम लोक सारखे एकमेकांत मिसळतात. अर्ज भरताना त्या वर्षीचं नियमपत्रक वाचाच.

टिळकवाडी_रॅम्प:
दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा लांबण लावते.

2025 चं मिस वर्ल्ड हैदराबादला झालं, त्याचं गणित बघा. 108 मुली, चार गट: आफ्रिका, अमेरिका-कॅरिबियन, आशिया-ओशनिया, युरोप. प्रत्येक गटातून आधी 10, मग 5, मग 2, शेवटी 1. म्हणजे शेवटच्या चौघींत पोचेपर्यंत भारताच्या मुलीची गाठ आपल्याच गटाशी. भारताची नंदिनी गुप्ता टॉप मॉडेल या रॅम्पच्या फेरीत आशिया-ओशनियातून पहिली आली आणि थेट पहिल्या 40 मध्ये गेली. 20 पर्यंत पोचली. पुढच्या दोन जागा थायलंड आणि फिलिपिन्सने घेतल्या. रॅम्प जिंकूनही आठात जागा नाही, हे लक्षात ठेवा.

जिंकलेली ओपल सुचाता थायलंडची. स्तनांच्या कर्करोगाबद्दल जागृती हा तिचा विषय, आणि सोळाव्या वर्षी तिची स्वतःची गाठ काढलेली. त्यामुळे तिच्या बोलण्यात पाठांतराचा वास नव्हता. मिस वर्ल्डमध्ये ‘ब्यूटी विथ अ पर्पज’, म्हणजे समाजकामाचा भाग, 1972 पासून आहे. 2017 ला मानुषी छिल्लरचा विषय मासिक पाळीतली स्वच्छता हा होता. तुमची भाची निपाणीची. विडी कामगार बायका तिच्या दारात आहेत. त्यांच्या मुलींची शाळा का सुटते, यावर वर्षभर खरं काम केलं तर ‘किती जणी, कुठे, काय बदललं’ या प्रश्नांना तिच्याकडे उत्तर असेल. ‘महिला सक्षमीकरण’ एवढाच शब्द घेऊन गेलात तर दुसऱ्या प्रश्नाला गाडी अडते.

भाषेचं म्हणाल तर 2011 ची मिस युनिव्हर्स, अंगोलाची लैला लोपेस, अंतिम उत्तर पोर्तुगीजमध्ये देऊन दुभाष्यासह जिंकली. म्हणजे इंग्रजी नाही म्हणून बाद, असं नाही. तरी इथल्या मुलाखती बहुतेक इंग्रजीतच चालतात, तेव्हा तयारी इंग्रजीचीच करा, पण विचार मराठीत करायला लावा. मंचावर साधारण 30 सेकंद मिळतात, त्यात इंग्रजीचे 60-65 शब्द बसतात. रोज एक प्रश्न घ्या. मराठीत एका वाक्यात मत, मग एक उदाहरण, आणि तिथेच थांबायचं. तेच इंग्रजीत बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. जिथे ‘अं’ येतो तिथे शब्दाची अडचण नसते, विचार अर्धा असतो.

आणि प्रश्न पूर्ण ऐकायची सवय लावा. 2000 च्या मिस वर्ल्डला प्रियांका चोप्राला हयात असलेली सर्वांत यशस्वी स्त्री विचारली होती. तिने मदर तेरेसांचं नाव घेतलं, ज्या 1997 लाच वारल्या होत्या. तरी किताब मिळाला, पण परीक्षक दरवेळी एवढे उदार नसतात.

निपाणीकर:
ताई, विडी कामगारांचं डोक्यातही आलं नव्हतं. आता गाऊनचं कुणीतरी सांगा.

शहापूर_टेलरिंग:
गाऊन भाड्याने आणू नका आणि महागडा विकतही घेऊ नका. सुष्मिता सेनचा 1994 च्या मिस इंडियाचा गाऊन दिल्लीच्या सरोजिनीनगरच्या कापडातून घराजवळच्या टेलरने शिवला होता, हातमोजे नव्या पायमोज्यांचे केले होते. हे तिने स्वतःच सांगितलंय.

5 फूट 5 च्या मुलीला मागे थोडा घोळ असलेल्या ए-लाइन (कमरेपासून खाली रुंद होत जाणाऱ्या) गाऊनसाठी 44 इंची पन्ह्याचं साडेचार ते पाच मीटर कापड, अस्तर साडेतीन मीटर. आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवा, खरं कापड नंतरच कापा. माप घेताना पायात तीच हील हवी जी मंचावर घालणार. पुढची कड जमिनीपासून दीड सेंटिमीटर वर ठेवा. जमिनीला टेकली की तिसऱ्या पावलाला पाय अडकतो.

बिनपट्ट्याचा गाऊन खाली का घसरतो? सगळं वजन छातीवर लटकतं म्हणून. आतून कमरेला घट्ट, न ताणणारी पट्टी शिवून तिला स्वतंत्र हूक द्या, मग गाऊन कमरेवर तोलला जातो. बोनिंगची (गाऊन ताठ ठेवणाऱ्या आतल्या कडक पट्ट्यांची) टोकं कापडाने झाका, नाहीतर तासाभरात टोचायला लागतात. लपलेली चेन कमरेच्या जोडावर फाटते, कारण तिथे कापडाचे चार थर येतात. थर कापून पातळ करा किंवा सरळ साधी चेन घ्या. बाजूच्या शिलाईत एक इंच माया ठेवा, स्पर्धेआधी वजन बदलतंच. आणि फ्लॅश मारून फोटो काढून बघा. पातळ अस्तर डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं.

हीलचं लई जण शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. दोन इंचापासून सुरू करा, मग साडेचार. घरातल्या शहाबादी फरशीवर सराव होतो, पण मंच गुळगुळीत असतो, म्हणून नव्या हीलचा तळ 80 नंबरच्या सँडपेपरने घासा किंवा चांभाराकडून पातळ रबर बसवून घ्या.

निपाणीकर:
राष्ट्रीय पोशाखाचे पैसे आत्ताच बाजूला काढू का? क्लासवाल्यांनी तोही धरलाय.

शहापूर_टेलरिंग:
नको. तो देशाची निवड झाल्यावरचा विषय. तेव्हा पंखाबिंखाचा सांगाडा करायची वेळ आली तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियममध्ये होईल. वजन खांद्यावर न घेता कमरेच्या पट्ट्यावर घ्यायचं, आणि सुटे भाग विमानाच्या 23 किलोच्या बॅगेत बसतील एवढेच ठेवायचे.