अनुभव धागा: मुलांना शाळेत खरंच काही ठरवू दिलंत का?

नागरिकशास्त्र म्हटलं की धडा वाचून प्रश्नोत्तरं उतरवून घेणं, एवढंच बहुतेकांना आठवतं. शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी, ज्यांनी याहून वेगळं काही केलं किंवा पाहिलं असेल त्यांनी लिहा. फसलेलं आधी लिहिलंत तर उत्तम.

---

माझा चौथीचा वर्ग. मधल्या सुट्टीत नळांपाशी रोज ढकलाढकली. रांगेचा नियम सांगून सांगून मी थकले होते. शेवटी दोन मुलींना वही देऊन आठवडाभर तिथे उभं केलं, कोणत्या नळावर किती जण येतात ते मोजायला. पाचपैकी दोन नळांवर लहान मुलं फिरकतच नव्हती. हातच पुरत नव्हता! मी रोज तिथून जायचे, माझ्या कधी लक्षात आलं नाही.

मग मुख्याध्यापकांना पत्र. पहिल्या खर्ड्यात 'आपले लक्ष नाही' असं होतं. त्यावर वर्गात बरंच भांडण झालं आणि ते खोडून 'दोन नळांखाली पायरी बांधावी' असं आलं. पायरी व्हायला दीड महिना लागला. तोवर रोज सकाळी 'उत्तर आलं का?' स्मरणपत्र कसं लिहितात ते मुलं त्यातच शिकली. धड्यात ते नव्हतं.

---

आमचं फसलेलं. आठवीत वर्गप्रतिनिधीची निवडणूक घेतली. अर्ज, प्रचार, मतपेटी, सगळं साग्रसंगीत. निवडून आलेल्याचं काम काय, तर फळा पुसायचा आणि बडबड करणाऱ्यांची नावं लिहायची. पुढच्या वर्षी एकही अर्ज आला नाही. एक मुलगी म्हणाली, "सर, नावंच लिहायची तर मतदान कशाला?" मला उत्तर सुचलं नाही.

---

वरच्यांना: बालसहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. एकीचं नावच 'सजावट' आहे. हातात फलक देऊन काढलेल्या आमच्या बहुतेक फेऱ्या तिथल्याच. खरं तर संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं १२ वं कलम सांगतं की मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांना मत मांडता यायला हवं, आणि वय व समज पाहून त्या मताला वजनही द्यायला हवं. आपण मत विचारतो खरं, वजनाचं मात्र विसरतो.

---

पालक म्हणून एक तक्रार. शाळेत वर्गसभा सुरू झाल्यापासून लेक घरातही 'हे कुणी ठरवलं?' विचारते. झोपायच्या वेळेवर दोन बैठका झाल्या. मी हरले.

---

नववीला वादाचे विषय घेते. 'मुलांना राजकारण शिकवता' म्हणून एक पालक भांडायला आले होते. तेव्हापासून बाजू चिठ्ठीने ठरते, माझं मत मी सांगत नाही, आणि एक अट: आधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की तो म्हणेल, 'हो, हेच.' एका मुलाला ते चौथ्या खेपेला जमलं. तोवर तास संपला होता, स्वतःचा मुद्दा मांडायचा राहूनच गेला.

---

चौथीवाल्या बाई, पायरीचं पुढे काय झालं?

---

पावसाळ्यात शेवाळ धरलं, दोघं घसरले. आता दुसरी वही सुरू आहे.